तापट ओगुनदेजीचे शांत चेहरे

इरोको-मेता गावात कोणी ओगुनदेजीचं घर विचारलं, तर लोक हात करून दिशा दाखवत नाहीत. "जिकडून शिव्या ऐकू येतील तिकडे चालत जा," म्हणतात. यात अतिशयोक्ती फारशी नाही. ओगुनदेजी लाकडावर ओरडतो, कोंबड्यांवर ओरडतो, रंगाच्या डब्याचं झाकण अडकलं तर डबा बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. त्याची बायको सुबुओला तीस वर्षं त्याच्याबरोबर संसार करते आहे आणि ती डाव्या कानाने बहिरी आहे. देवाला तिची दया आली, असं गाव म्हणतं.

आणि याच माणसाच्या हातून गेलेडेचे मुखवटे उतरतात! गेलेडेचा नाच हा आयांसाठी असतो. गावातल्या पिकल्या केसांच्या बायकांसाठी, ज्यांच्या मनात आलं तर पाऊस पडतो आणि पोर जगतं, आणि मनात आलं तर दोन्ही थांबतं. त्यांचं मन निवावं म्हणून बाप्ये बायकांचे कपडे घालतात, पायांत घुंगरांसारखे लोखंडी वाळे चढवतात, डोक्यावर बाईचा लाकडी मुखवटा टोपीसारखा बसवतात आणि भर दुपारी भर बाजारात जोडीजोडीने नाचतात. त्या मुखवट्याचा चेहरा शांत हवा. पापण्या अर्ध्या झुकलेल्या, ओठ मिटलेले, कपाळावर एक आठी नाही. असा चेहरा आसपासच्या नऊ गावांत ओगुनदेजीइतका चांगला कोणी कोरत नाही. त्याच्या वाट्याची सगळी शांती लाकडात गेली, त्याच्यासाठी काही उरलीच नाही, असंही गाव म्हणतं. गावाला बोलायला काय जातं!

चेहऱ्याच्या वर, मुखवट्याच्या माथ्यावर मात्र कारागिराने वाटेल ते बसवावं. ओगुनदेजीच्या बापाने एके वर्षी माथ्यावर शिवणयंत्र बसवलं, तेव्हा गेलेडे करणाऱ्या मंडळीतल्या म्हाताऱ्यांनी बोंब ठोकली होती: हे कुठलं नवं खूळ, आपल्या आज्यांनी साप आणि पक्षी पाहिले, यंत्रं नाही. नाचाच्या दिवशी आया त्या शिवणयंत्राला हसून हसून बेजार झाल्या आणि म्हाताऱ्यांची तोंडं बंद झाली. ओगुनदेजीने पुढे तीन माणसं आणि एक बकरी लादलेली मोटरसायकल बसवली, जनरेटर बसवला. मग त्याने दोऱ्या आणल्या. नाचणाऱ्याने कपड्याच्या आत दोरी ओढली की माथ्यावरचा साप वळून खवल्या मांजराला डसायचा. झाडपाल्याचे रंग सोडून त्याने दुकानातले झगझगीत तेलरंग घेतले. दर खेपेला तेच म्हातारे, तीच बोंब. दर खेपेला आया हसायच्या आणि दुसऱ्या वर्षी तेच म्हातारे पोराबाळांना सांगायचे, बघा, ही आपली जुनी रीत.

खालचा चेहरा मात्र त्याने कधी बदलला नाही. तो चेहरा होता त्याच्या थोरल्या बहिणीचा, आवेरोचा.

आवेरो बाजारात इरू विकायची. आंबवलेल्या बियांचा हा मसाला रश्श्यात पडला की घर दरवळतं आणि टोपलीत असला की शेजारचा नाक धरतो. गावाचं नाव ज्यांच्यावरून पडलं त्या बाजारातल्या तीन इरोको वृक्षांपैकी पहिल्याखाली तिचा बांबूचा मांडव होता, चव्वेचाळीस वर्षं त्याच जागी. आई गेल्यावर याच बहिणीने ओगुनदेजीला वाढवलं, याच टोपलीच्या जिवावर बाप म्हातारा झाल्यावर भावाला कोरायची हत्यारं, वाकस आणि पटाश्या, घेऊन दिल्या. गिऱ्हाईक घासाघीस करो, नवरा दुसरी बायको आणो, आवेरोच्या चेहऱ्यावरची माशी हलायची नाही. ओगुनदेजी लाकडाचा ठोकळा पुढ्यात घ्यायचा, डोळे मिटायचा, आणि तो चेहरा आपोआप समोर यायचा. पाहायची गरजच नव्हती.

मग त्या वर्षी मक्याच्या सुगीनंतर, एका मंगळवारी सकाळी, बुलडोझर आला.

कौन्सिलला तिथे 'आधुनिक बाजार संकुल' बांधायचं होतं. फलक तीन महिने आधी लागला होता, त्यावर टाय लावलेल्या चेअरमनसाहेबांचा हसरा फोटो होता, आणि तारीख कुठेच नव्हती. बायकांना वाटलं, निवडणूक येते आहे, फोटो लावायला निमित्त हवं. मांडव रिकामे करायलाही कोणी सांगितलं नाही. यंत्राने एका टोकापासून सुरुवात केली आणि बांबू, पत्रे, मिरच्यांच्या राशी, यामचे कंद, वाळवलेले मासे सगळं एका ढिगात लोटलं. पहिला इरोकोही मुळासकट आडवा केला. चेअरमनची म्हातारी आई, ईया बोसेदे, नेमकी आवेरोकडे इरू घ्यायला आली होती. वीस वर्षांचं गिऱ्हाईक. ती हात वर करून ओरडत राहिली, "अरे थांबा, माझा मुलगा चेअरमन आहे!" ड्रायव्हर म्हणाला, "आजी, त्यांनीच तर पाठवलंय."

ओगुनदेजी हातात वाकस घेऊन धावत आला. दोन पोलिसांनी त्याला धरलं. त्याने ड्रायव्हरला, चेअरमनला, यंत्राला, यंत्र बनवणाऱ्या देशाला ज्या शिव्या दिल्या त्या लिहायला कागद पुरायचा नाही. ड्रायव्हर मान बाहेर काढून हसत होता. फुकटची करमणूक कोणाला नको असते?

 आवेरो मात्र चिखलात बसली आणि इरूचे गोळे एकेक करून वेचत राहिली. माती लागलेले बाजूला, बरे होते ते टोपलीत.

तो दिवस ओगुनदेजीच्या डोक्यातून जाईना. आठ आठवड्यांनी गेलेडे होतं. त्याने जोडीचे दोन ठोकळे काढले आणि दोन्हींच्या माथ्यावर बुलडोझर कोरला, पिवळाधम्मक, पुढे लोखंडाचं पातं. दोरी ओढली की पातं खाली यायचं आणि बिजागरीवरचे चार छोटे मांडव पटापट आडवे पडायचे. सोडली की मांडव पुन्हा उभे. असं काम त्याने आयुष्यात केलं नव्हतं. मग पहिल्याचा खालचा चेहरा घेतला, डोळे मिटले, आणि तो शांत चेहरा समोर आलाच नाही. त्याच्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता. त्याने तसंच कोरलं. भुवया आवळलेल्या, कपाळाला तीन आठ्या, नाकपुड्या फुगलेल्या, ओठ मागे ओढून दात बाहेर.

सुबुओला पाणी घेऊन आली आणि बघत उभी राहिली.

"यिंकाच्या बाबा, हिच्या पोटात दुखतंय का?"

"राग आलाय तिला! दिसत नाही?"

"दिसतोय. नको इतका दिसतोय," ती म्हणाली आणि तांब्या ठेवून गेली.

नाचाच्या दहा दिवस आधी मुखवटे मंडळीला दाखवायची रीत आहे. पुरुषांचा मुखिया, ज्याला सगळे बाबालाशे म्हणतात, तो दोन म्हाताऱ्यांना घेऊन अंगणात आला. बुलडोझरचं पातं खाली-वर करून तिघेही पोरांसारखे खूश झाले. मग बाबालाशेने मुखवटा जरा तिरपा केला, खालचा चेहरा पाहिला आणि त्याचा हात तिथेच थांबला.

"हे काय केलंस, ओगुनदेजी?"

"जे झालं ते."

"वर काय हवं ते बसव, आम्ही कधी नाही म्हटलं?"

"दर वर्षी म्हटलंत! माझ्या बापाला म्हटलंत, मला म्हटलंत!"

"ते वरचं. हा चेहरा आयांचा आहे. आपण त्यांना शांत करायला नाचतो, आणि तू त्यांना दात विचकायला लावतोस? गावावर संकट आणायचंय?"

"संकट येऊन गेलं, बाबा! पिवळ्या रंगाचं होतं. तुम्ही तेव्हा कुठे होता? घरात अमालाचे गोळे खात होता! बायकांचं छप्पर गेलं, आणि त्यांचा चेहरा शांत हवा तुम्हाला? का, तर चेअरमन तंबू देणार, पहिल्या रांगेत खुर्ची टाकून बसणार, पाहुण्यांना दाखवणार, बघा आमच्या बायका कशा सुखात आहेत!"

"आवाज खाली कर."

"माझा आवाज एवढाच आहे!"

बाबालाशेने मुखवटा खाली ठेवला. "हा नाचणार नाही," म्हणाला आणि उठला.

ओगुनदेजीने मुखवटा काखोटीला मारला आणि तडक ईयालाशेचं घर गाठलं. गेलेडेत पुरुष नाचतात, पुरुष कोरतात, पुरुष भांडतात, पण शेवटचा शब्द ईयालाशेचा, म्हणजे आयांच्या मुखियेचा. नव्वदीची बाई, अंगणात बसून भोपळ्याच्या बिया सोलत होती. ओगुनदेजीने तिच्यासमोर लोटांगण घातलं, आणि उठण्याच्या आधीच बोलायला सुरुवात केली. ती सोलत राहिली. त्याचं संपल्यावर तिने मुखवटा मांडीवर घेतला, दोरी ओढली. मांडव पडले. तिने पुन्हा ओढली. हसली नाही. मग खालच्या चेहऱ्यावरून अंगठा फिरवला.

"ही कोण?"

"माझी अक्का. आवेरो."

"तिने पाहिली?"

"नाही अजून."

"वा! चेहरा तिचा, आणि आधी मला दाखवतोस?" म्हातारीने मुखवटा परत दिला. "तिला दाखव. ती म्हणाली, ही मी आहे, तर नाचेल. मग बाबालाशेला मी बघून घेते."

ओगुनदेजी जवळजवळ पळतच निघाला. त्याला वाटलं, जिंकलो. अक्का बघेल आणि रडेल, एवढंच काय ते बाकी आहे.

आवेरो परसात बिया उकडत होती. मांडव नव्हता, पण इरू करणं तिने एक दिवस थांबवलं नव्हतं. घरोघरी फिरून विकायची. त्याने मुखवटा तिच्यासमोर धरला. तिने हात पुसले, बराच वेळ पाहिलं, आणि हसायला लागली.

"देजी, हा तर तूच आहेस. बाईचे कपडे घातलेला!"

"अक्का, ही तू आहेस. त्या दिवशीची."

"त्या दिवशी मी असे दात काढले होते? तू काढले होतेस. तो ड्रायव्हर तुला बघून हसत होता, आठवतं का?"

ओगुनदेजीने मुखवटा फिरवून स्वतःकडे केला.

"म्हणजे तुला राग आला नाही?" शेवटी त्याने विचारलं.

आवेरोचं हसणं थांबलं. तिने उकळत्या भांड्याखालचं लाकूड बाहेर ओढलं.

"तुझा पहिला मुखवटा, मोटरसायकलवाला. गावभर लोक म्हणाले, काय शांत चेहरा आहे. त्या महिन्यात माझ्या नवऱ्याने दुसरी आणली होती आणि माझ्याच हातून तिच्यासाठी खोली सारवून घेतली होती. सापाचा केलास, त्या वर्षी माझं बाळ गेलं, आणि सासू म्हणाली, इरूच्या वासाने गेलं. मी रोज रात्री तिला जेवायला वाढायचे, देजी. वाढताना माझ्या मनात काय यायचं ते तुला सांगितलं तर तू मला अक्का म्हणायचा नाहीस. आणि तू यायचास, माझ्याकडे ओझरतं बघायचास, आणि घरी जाऊन शांती कोरायचास. चाळीस वर्षं मी रागात आहे रे. तुला कळलंच नाही!"

"तू बोलली नाहीस!"

"तू ऐकू येईल इतका वेळ कधी गप्प होतास?"

भांड्यातला फेस खाली बसला. ओगुनदेजी मुखवटा मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसला होता. चाळीस वर्षांचे चेहरे, नऊ गावांत नावाजलेले, आणि एकही पाहून कोरलेला नाही. त्याला स्वतःचीच इतकी चीड आली की ओरडावंसंही वाटेना.

"मग हा जाळू?" त्याने विचारलं.

"जाळतोस कशाला? चांगला झालाय. हा तुझा. जोडी लागते ना? दुसरा माझा कर. आणि या वेळी डोळे उघडे ठेवून कर."

सहा दिवस आवेरो त्याच्या अंगणात बसली. बिया निवडायची, पान चघळायची, आणि तो बघायचा. बघता बघता त्याला दिसायला लागलं. मिटलेले ओठ मिटलेले नव्हते, ते धरून ठेवलेले होते. कानाखाली जबड्याच्या हाडाजवळ एक गाठ होती, सुपारीएवढी, ती कधी सैल पडत नव्हती. पापण्या झुकलेल्या होत्या हे खरं, पण त्यांच्या खालून ती सगळं बघत होती. सुबुओला येता-जाता थांबायची, त्याच्या खांद्यावरून पाहायची आणि निघून जायची.

चेहरा पूर्ण झाला तेव्हा तो लांबून अगदी त्याच्या नेहमीच्या मुखवट्यासारखाच दिसत होता.

बाबालाशेने शेवटचा हट्ट धरलाच. "जोडीतले दोन मुखवटे सारखे हवेत. हे वेगळे आहेत."

ईयालाशेने दोन्ही शेजारी ठेवायला सांगितले. "हा कोण? ओगुनदेजी. ही कोण? आवेरो. एका पोटची आहेत ना? मग अजून कसली जोडी हवी तुला?"

नाचाच्या दिवशी बाजाराच्या सपाट केलेल्या मैदानावर चेअरमनने खरंच तंबू ठोकला. पाहुणे पहिल्या रांगेत, थंड बाटल्या हातात. शेजारी लेसचा झगा घातलेली, डोक्याला ताठ कडक फडकं बांधलेली त्याची आई, ईया बोसेदे. बायका समोर जमिनीवर, जिथे त्यांचे मांडव होते तिथेच, अगदी जिच्या तिच्या जागी.

आधी रागावलेला मुखवटा आला. वाळे खणखणले, पातं खाली आलं, मांडव आडवे पडले. चेअरमनने मांडीवर थाप मारली. "अरे, हा तर माझा बुलडोझर! आणि खाली बघा, बाई कशी फणकारलीय!" पाहुणे हसले. ओगुनदेजी ढोलवाल्यांच्या मागे उभा होता. महिन्यापूर्वी त्याने त्या खुर्चीवर झडप घातली असती. आता त्याला ड्रायव्हरचं हसू आठवलं. आपण किती स्वस्तात राग विकत होतो, त्याला वाटलं, आणि हे लोक तो थंड बाटलीबरोबर तोंडी लावत होते.

मग दुसरा आला. माथ्यावर तोच बुलडोझर, तेच पातं. नाचणारा सरळ चेअरमनच्या खुर्चीसमोर येऊन थांबला, पाय रोवले आणि दोरी ओढली. पातं खाली आलं. त्याने दोरी सोडलीच नाही. मांडव आडवेच राहिले, आणि तो शांत चेहरा चेअरमनकडे पाहत राहिला. ढोल थांबले. चेअरमन हसण्यासाठी तोंड उघडून बसला होता, त्याने ते हळूहळू मिटलं.

आवेरो उठली. तिने डोईचं फडकं सोडलं आणि घडी करून हातात धरलं. तिचे पांढरे केस उघडे पडले. आमच्याकडे म्हातारी बाई चारचौघांत डोकं उघडं करते तेव्हा शहाणा माणूस तिथून निघून जातो, तिच्या तोंडून काही निघण्याआधी. मग ईयालाशेने फडकं सोडलं. मग मिरचीवाली, मासळीवाली, मग सगळ्या. कोणी ओरडलं नाही. नुसती पांढरी, करडी, काळी डोकी.

चेअरमनने मान वळवली. त्याची आई पदराच्या पिना काढाव्यात तशा एकेक करून आपल्या फडक्याच्या टाचण्या काढत होती.

"आई, काय करतेस? फडकं बांध!"

ईया बोसेदेने शेवटची टाचणी काढली. "मी तिथे होते, बाळ," ती म्हणाली. "त्या दिवशी मी हात वर करून उभी होते." आणि ती खुर्चीवरून उठली, मैदान ओलांडून आवेरोशेजारी जमिनीवर जाऊन बसली.

चेअरमन आणि पाहुणे गाड्यांत बसून निघून गेले. पुढच्या बाजाराच्या दिवशी बायका टोपल्या घेऊन त्याच मैदानात बसल्या, छपराविना, उन्हात. कौन्सिलकडून त्यांना उठवायला कोणी आलं नाही, आणि मांडव बांधून द्यायलाही नाही. फलक अजून तिथेच आहे. आवेरो त्याच्या सावलीत बसते, तेवढाच त्याचा उपयोग.

ओगुनदेजी मात्र काही दिवस गप्पच झाला. कोंबड्यांना काही बोलेना, डब्यांना बोलेना. गावाला धास्ती बसली, बरं नाही की काय याला! एका सकाळी त्याने पुढच्या वर्षीचा ठोकळा काढला आणि सुबुओलाला हाक मारली. "जरा समोर बस. तुझा चेहरा घ्यायचाय."

ती बसली. त्याने वाकस हातात घेतला, तिच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि पुन्हा खाली ठेवला. मग सवयीप्रमाणे तिच्या उजव्या कानाकडे सरकून, जरा मोठ्याने विचारलं, "तुझ्या मनात काय आहे गं? तीस वर्षांचं?"

"ओरडू नकोस," सुबुओला म्हणाली. "माझे दोन्ही कान चांगले आहेत. पहिल्यापासून."